सवाई संपला; रात्र गेली ती गेलीच म्हणायची का?

रमणबागेतला म्हातारा

आज सोमवार. पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव, आमचा 'सवाई', काल संपला. पाच दिवसांची धूळ अजून नाकातून निघालेली नाही, घसा बसलाय (गायलो नाही, नुसत्या 'क्या बात है'नं), आणि स्वेटरच्या खिशात पास तसाच आहे. घरात पाऊल टाकल्यापासून कुणाशी धड बोललेलो नाही. दरवर्षीचंच आहे हे. सवाई संपला की दोन दिवस माणूस पाहुणा गेलेल्या घरासारखा होतो.

यंदा आनंद नव्हता असं नाही. शनिवारी शेवटच्या तासात बागेश्री असा रंगला की शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी माझ्याच गुडघ्यावर थाप मारली आणि मग ओशाळून 'सॉरी' म्हणाले. पण बाराला दहा कमी असताना गायकानं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, तबल्याकडे पाहिलं आणि लय वाढवली. तिथेच माझी सम, तालाची पहिली मात्रा, चुकली.

माझं म्हणणं एवढंच, की सवाईची रात्र, आपली रात्र, गेली तेव्हा त्याचा कणा गेला. आता उरलाय तो पाच संध्याकाळींचा उत्तम कार्यक्रम. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, 1952 साली गेले आणि भीमसेनजींनी 1953 पासून गुरूची पुण्यतिथी सुरू केली. ती रात्रभराची बैठक होती. मी 1979 पासून जातोय. कांबळं, कानटोपी, थर्मास. तीनच्या सुमाराला थंडी सतरंजीतून वर यायची, अर्धा मंडप बसल्या जागी पेंगायचा आणि नेमका तेव्हाच कुणीतरी दरबारीचा गंधार असा झुलवायचा की पेंगणारेही डोळे न उघडता मान हलवायचे. भीमसेनजी बसायचे तोवर मंडपाच्या कडेनं उजेड आत आलेला असायचा. ललतातले दोन मध्यम लागोपाठ लागताना तो उजेड बघितलाय मी. ते आता कुणाला दाखवू?

केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम 2000 साली आले आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर कर्णा बंद झाला. पुढे राज्यांना वर्षातले 15 दिवस बारापर्यंत सूट देण्याची मुभा मिळाली, त्यातून आपला शनिवार बारापर्यंत जातो. प्रत्येक रागाची वेळ ठरलेली; म्हणजे मध्यरात्रीचा मालकंस कसाबसा दारात येतो. दरबारी, अडाणा उंबऱ्याबाहेर. ललत, भटियार, तोडी, अहिर भैरव या पहाटे-सकाळच्या रागांना तर प्रवेशच नाही. पाप डीजेवाल्यांचं, शिक्षा तंबोऱ्याला.

गॅलरीतली श्रोती

काका, नमस्कार. तुमचं लिहिणं सुरेख आहे. पण 'आपली रात्र' वाचून थोडं हसू आलं. ती रात्र तुमची होती हो, आमची कुठे?

माझं सासर नारायण पेठेत. 1986 च्या डिसेंबरात लग्नाला आठ महिने झाले होते. घरातले तिघे पुरुष कांबळी घेऊन रमणबागेतल्या सवाईला गेले आणि जाताना सांगून गेले, 'सहाला येतो, चहा तयार ठेव.' मी मागच्या गॅलरीत, कठड्याला टेकून. कर्ण्याचा आवाज वाऱ्याबरोबर यायचा आणि जायचा. मध्येच एखादी तान पूर्ण यायची, मध्येच नुसता तबला. दरबारी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो असा, भांडी घासायची राहिलेली असताना, अर्धा. सहाला चहा तयार होता. तिघंही तासभर भीमसेनांबद्दल बोलले. मी ऐकला का, असं कुणी विचारलं नाही.

मंडपात बायका नव्हत्या असं म्हणत नाही, पुष्कळ असत. पण रात्रभर बाहेर राहायला त्या घरांची परवानगी होती, आमच्या घराची नव्हती.

आता माझा स्वतःचा पास असतो. पाची दिवस जाते. दहाला संपतं, साडेदहाची बस मिळते, घरी येऊन खिचडी टाकते. माझ्यापुरता सवाई 2000 नंतर सुरू झाला. कणा गेला म्हणता, मला तर तेव्हाच पाय फुटले.

स्वारगेट कोल्हापूर

ताईंचं पटलं, पण आमची बाजू बी ऐका की.

रात्रभर चालायचा तवा बाहेरगावच्या माणसाला लॉज लागत नव्हता. मंडप हाच लॉज. संध्याकाळी एसटीनं उतरायचं, सकाळी भैरवी ऐकून त्याच अंगावर परतीची गाडी पकडायची. खर्च म्हणजे तिकीट, वडापाव आणि चार चहा. वडील दूध संघात कामाला होते, असं त्यांनी बारा वर्षं काढली.

आता दहाला सुटतो. रात्र कुठं काढायची? पाच दिवस खोली घेतली तर पासापेक्षा खोली महाग. म्हणून मी फक्त शनिवार-रविवार येतो. 2018 पासून मुकुंदनगरला आलाय ते बरं, स्वारगेट जवळ पडतं. शनिवारी बाराला सुटल्यावर आम्ही चौघं स्टँडवर बसून राहिलो, गार पडलं होतं. त्यात एकजण मालकंस गुणगुणायला लागला. तर बाकड्यावर झोपलेला माणूस उठून म्हणाला, 'अहो, झोपू द्या की.' रात्रीला मुभा नाही ती अशी सगळीकडंच.

रातपाळी

त्या बाकड्यावरच्या माणसाच्या बाजूनं बोलतो.

मी रुग्णालयात परिचारक आहे. महिन्यातले पंधरा दिवस रातपाळी, उरलेले दिवस रात्री झोपायला मिळतं. माझं घर एका मैदानाला लागून आहे (सवाईचं नव्हे, दुसरं). तिथे वर्षभर काही ना काही चालू असतं. तुम्ही म्हणता डीजे वेगळा आणि तंबोरा वेगळा. मान्य, मलाही कळतं. पण माझ्या झोपेला राग कळत नाही.

शिवाय नियमात 'चांगल्या' आवाजाला सवलत ठेवली, तर चांगलं काय ते ठरवणार कोण? उद्या प्रत्येक मंडळ म्हणणार, आमचंही संस्कृतीच आहे. दहा म्हणजे सगळ्यांना दहा, यातच मला थोडं सुरक्षित वाटतं.

आणि नियम बंद सभागृहाला लागू नाही, आवाज आत राहिला तर रात्रभर गा. मग सभागृहात का करत नाही?

रमणबागेतला म्हातारा

कारण सवाईला हजारोंनी माणूस येतो आणि पुण्यातल्या नाट्यगृहात हजाराच्या आतबाहेर मावतो. उरलेल्यांना काय, गॅलरीतून ऐका म्हणायचं?

(हे लिहिल्यावर लक्षात आलं मी काय लिहिलं ते. ताई, क्षमा असावी. आमच्याही घरी सकाळी सहाचा चहा तयार असायचा. तो कोण करत होतं, याचा विचार आज पहिल्यांदा केला.)

सम चुकली

मी चोवीस वर्षांची आहे, तबला शिकते. रात्रभराचा सवाई मी पाहिलेला नाही, त्यामुळे मला त्याची आठवण येऊ शकत नाही. दरवर्षी सोमवारी मात्र कुणीतरी सांगतं, की तू जे ऐकलंस ते खरं नव्हतंच.

काकांना दोन गोष्टी विचारायच्यात.

एक. सध्या पहिल्या दिवशी तीनला सुरू होतो, एरवी चारला, रविवारी बाराला. त्यामुळे काय झालं, याची नोंद तुम्ही घेतलीत का? मुलतानी, पटदीप, मधुवंती, भीमपलास, श्री, मारवा हे राग आपापल्या वेळेला ऐकायला मिळतात. रविवारी दुपारी सारंगाचे प्रकार. रात्री नऊला सुरू होणाऱ्या बैठकीत यांना कोण विचारत होतं? रात्रीचं दार बंद झालं, दुपारचं उघडलं. यंदाचा माझा सर्वांत मोठा क्षण दुपारचा आहे. ऊन अजून मंडपाच्या कापडावर होतं, निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि एका तरुण गायिकेनं मुलतानीत वीस मिनिटं नुसता निषाद-षड्जाचा खेळ केला. तबलजी इतका संयमानं ठेका धरून होता की मला माझ्या सगळ्या तिहायांची लाज वाटली. तुम्ही होतात का तेव्हा? की 'मोठे लोक सातनंतर' म्हणून घरी?

दोन. 'पन्नास मिनिटांत ख्याल होतो का' हे तुम्ही दरवर्षी म्हणता (मंडपात माझ्या मागेच बसला होतात बहुतेक). खुद्द सवाई गंधर्वांचं आपल्याकडे काय उरलंय? 78 आरपीएमच्या तबकड्या. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेबांचंही तेच. तेवढ्यावर आपण किराणा घराण्याची अख्खी गायकी ओळखतो. महोत्सवाची सांगता होते तीही सवाई गंधर्वांच्या 'बिन देखे परे नहीं चैन'च्या ध्वनिमुद्रिकेनं. भैरवी, रात्री दहाला! तेव्हा कुणी घड्याळ दाखवत नाही, उलट सगळे रडतात. मीही.

माझी तक्रार वेगळी आहे. लोक संथ विलंबित सुरू झालं की वडा खायला उठतात आणि जलद द्रुतला परत येतात. पुढच्या माणसानं मोबाइल उंच धरला की मला गायक त्याच्या पडद्यावर बघावा लागतो. रात्र परत आणलीत तरी ही माणसं तीच असणार.

रमणबागेतला म्हातारा

सम चुकली ताई, तुमची सम बरोबर पडलीये, नाव बदला.

मुलतानीला मी नव्हतो. घरी होतो, झोपलो होतो. आता कबूल करून टाकतो.

भैरवीचं मात्र सांगतो. भैरवीनं सांगता कुठल्याही वेळी करता येते, ती मुभा परंपरेनंच दिलीये. म्हणून तो दाखला चालणार नाही. तबकड्यांचंही तसंच. तीन मिनिटांत त्यांनी जे ठेवलं ते अर्क म्हणून. अर्क प्यायचा असतो हे खरं, पण त्यावर पोट भरत नाही. त्यांना पाऊण-एक तास मिळायचा तेव्हा काय होत असेल, ते आपण त्यांच्या शिष्यांवरून ताडतो. गंगूबाई हंगल, फिरोज दस्तूर, भीमसेनजी.

मंद्रसप्तक

दोघांचं वाचून एक जाणवलं. म्हातारेबुवा, तुमचं दुःख रात्रीचं आहे की माणसांचं?

मी 1994 पासून जातो. दस्तूर 2008 साली गेले, गंगूबाई 2009 मध्ये, भीमसेनजी 24 जानेवारी 2011 ला. पुढे समारोपाला प्रभा अत्रे बसायच्या. त्या 13 जानेवारी 2024 ला गेल्या. त्याच डिसेंबरात सवाई सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधी झाकीरभाई (तबलावादक झाकीर हुसेन) गेल्याची बातमी आली. सत्तराव्या महोत्सवाचं वर्ष. मंडपात शिरताना लोक हळू आवाजात बोलत होते, मयताला आल्यासारखे. तेव्हा कुणाला दहा वाजल्याचा राग आला असं मला आठवत नाही. 2020 आणि 2021 ला तर महोत्सवच झाला नाही; तेव्हा कुणी तास-दोन तास दिले असते तरी आपण धावत गेलो असतो.

तुम्ही पहाटेचा उजेड म्हणता. उद्या सरकारनं सहापर्यंत परवानगी दिली, तर तुम्ही बसाल का हो रात्रभर? प्रामाणिकपणे सांगा. माझे गुडघे नऊलाच खुर्ची मागतात.

आणि कुणाला रात्रच हवी असेल तर सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीला सप्टेंबरात कुंदगोळला जावं, नाडगीर वाड्यात. हुबळीपासून लांब नाही.

रातपाळी

मला एक मधला मार्ग दिसतो. सकाळी सहाला नियम संपतो ना? मग रविवारी सहाला सुरू करा. ललताची वेळ हुकली तरी तोडी, रामकली, अहिर भैरव मिळतील. शेजारी उठलेले असतील. मीही रातपाळीवरून थेट येईन.

गॅलरीतली श्रोती

डिसेंबरात सहाला? चांगली कल्पना आहे. पण मग पाचला उठून चहा कोण करणार, ते आधी ठरवून घ्या.

स्वारगेट कोल्हापूर

आम्ही तर स्टँडवर जागेच असतोय. फकस्त गेट लवकर उघडा.

सम चुकली

सहाच्या बैठकीला माझा पास आत्ताच धरा. काका, तुम्ही याल का? की मुलतानीसारखंच?

रमणबागेतला म्हातारा

मंद्रसप्तकांचा प्रश्न टोचला. रात्रभर बसेन का, हे बघायला काल पहाटे साडेतीनचा गजर लावला. उठलो, कांबळं घेतलं, बाहेरच्या खोलीत भीमसेनजींचा ललत लावला. आवाज अगदी बारीक, असं मला वाटत होतं. मध्यमावर येतात न येतात तोच शेजारच्या भिंतीवर दोन थापा पडल्या.

बंद केला आणि हेडफोन शोधत बसलो. नातवाच्या दप्तरात सापडले, तोवर पावणेपाच झाले होते आणि आतून ही विचारत होती, उठलाच आहात तर चहा टाकताय का?