फॅसिओला की फॅशिओला?

चौकस: शेळीपालकांसाठी एक पत्रक मराठीत करते आहे. विषय पित्तनलिकांत राहणाऱ्या, पानासारख्या चपट्या कृमींचा. मी 'फॅसिओला जायगँटिका' लिहिलं होतं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते खोडून 'फॅशिओला हिपॅटिका' केलं. कोणतं लेखन धरू? नावाचा अर्थही हवा आहे.

व्युत्पत्तिवेडा: लॅटिनमध्ये फॅसिया म्हणजे पट्टी आणि फॅसिओला म्हणजे छोटी पट्टी. हिपॅटिका म्हणजे यकृतातली. हे नाव लिनिअसचं, १७५८ सालचं. जुन्या रोमन उच्चाराने ते 'फास्किओला' होतं, चर्चच्या लॅटिनमध्ये 'फाशिओला', आणि इंग्रजीच्या वळणाने 'स' येतो. प्राणिनामांची आंतरराष्ट्रीय संहिता रोमन स्पेलिंग ठरवून देते, उच्चार नाही. त्यामुळे तुम्हा दोघांपैकी कुणालाच चूक म्हणता येणार नाही. मला तर हा शब्द आपल्या 'पाश'चा सख्खा भाऊ वाटतो.

जुनी_पोथी: 'पाश' जुळत नाही. लॅटिनमधला आरंभीचा 'प' संस्कृतातही 'प'च असतो: पातेर, पितृ. लॅटिन 'फ'समोर बहुधा 'भ' नाहीतर 'ध' येतो: फ्रातेर–भ्रातृ, फूमुस–धूम. खरं नातं नावाच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. ग्रीक 'हेपार', लॅटिन 'इएकुर' आणि आपलं 'यकृत्' हे तिन्ही एकाच मुळातून आले आहेत. 'यकृतकृमी' लिहिलंत की हिपॅटिका त्यात आलंच.

गोठेवाला: स आणि श नंतर बघा, डॉक्टरांनी प्राणीच बदलला आहे! हिपॅटिका थंड हवेतला, आपल्या देशात मुख्यतः हिमालयाकडच्या भागात सापडणारा. आपल्या सखल, उष्ण मुलखातल्या गाई-म्हशी-शेळ्यांत निघतो तो जायगँटिका. हिपॅटिका साधारण ३ सेंटीमीटरचा, हा ७ सेंटीमीटरपर्यंत वाढतो. कॉबोल्डने १८५५ मध्ये त्याचं वर्णन केलं ते जिराफातल्या नमुन्यावरून. पाठ्यपुस्तकात नमुना म्हणून हिपॅटिका असतो, म्हणून सगळ्यांच्या हातून तेच नाव लिहिलं जातं. तुमचं मूळ नाव राहू द्या.

आणि 'यकृत' नको. आमच्याकडे कापलेल्या बोकडाची 'कलेजी' म्हणतात.

स्वभाषा: पत्रकात 'कलेजी'? यकृत शाळेत शिकवतात. पर्णकृमी हा शब्दही चांगला रुळलेला आहे. आपणच ते वापरले नाहीत तर टिकतील कसे?

गोठेवाला: टिकवायचे शब्द जरूर टिकवा, पण इथे जनावर मरतं. दुकानात माणूस या कृमीच्या इंग्रजी नावानेच, 'लिव्हर फ्लूकचं औषध द्या' असंच म्हणतो. पत्रकात तो शब्द नसेल तर पत्रक आणि औषध यांची गाठ पडणार नाही.

जुनी_पोथी: मग 'काळीज' का नको? संस्कृत 'कालेय' म्हणजे यकृतच. काळीज, कलेजा, कलेजी सगळे तिथलेच.

चौकस: काळीज म्हटलं की माणूस छातीवर हात ठेवतो. 'काळजात जंत' वाचून लोक हृदयरोग समजतील.

खाडीकाठ: 'फ्लूक' हा जुन्या इंग्रजीत चपट्या माशाचा शब्द. मेंढीच्या यकृतातला किडा त्या माशासारखा दिसला म्हणून त्यालाही तेच नाव पडलं. आमच्या बाजारात तसा चपटा मासा म्हणजे लेप. 'लेपकृमी' म्हणा, कोकणात कुणालाही आकार डोळ्यांसमोर येईल.

स्वभाषा: हा शब्द मनापासून आवडला.

गोठेवाला: साताऱ्याच्या मेंढपाळाने लेप कुठे पाहिलाय? तो औषधाचा लेप समजेल आणि जनावराच्या अंगाला काहीतरी फासत बसेल.

व्युत्पत्तिवेडा: नावांत आकार पाहायचाच तर क्लोनॉर्किस घ्या. क्लोन म्हणजे फांदी, ऑर्किस म्हणजे वृषण. वृषणांना फांद्या फुटलेला हा कृमी. ऑर्किड फुलाचं नावही त्याच ऑर्किसवरून, कंदाच्या आकारामुळे. आणि हा माणसाच्या यकृतातला चिनी कृमी पहिल्यांदा मिळाला तो कोलकात्यात, १८७४ मध्ये, एका चिनी सुताराच्या शवविच्छेदनात.

गोठेवाला: तो कच्च्या माशातून येतो, त्याचा शेळीच्या पत्रकाशी संबंध नाही. नावापेक्षा गोगलगायीचा परिच्छेद नीट लिहा. कृमीची पिल्लं पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात, मग पाण्याकाठच्या गवतावर चिकटून बसतात. नुसतं 'गोगलगाय' लिहिलंत तर लोक पावसाळ्यात भाजीवर चढणारी, बिनशंखाची समजतात.

खाडीकाठ: बिनशंखाचीला गोगलगाय म्हणायचंच कशाला? ज्याला शंख आहे तीच खरी गोगलगाय.

स्वभाषा: मुळीच नाही. आमच्या विदर्भात दोन्हींना तेच नाव आहे.