मदत हवी आहे : एक सर्टिफिकेट की दोन-तीन?

नमस्कार मंडळी,

बीएस्सी, मग डीएमएलटी (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा). परळच्या एका लॅबमध्ये सहा वर्षं झाली, त्यातली चार बायोकेमिस्ट्रीत. रात्रपाळीला मी एकटीच. पहाटे कंट्रोल (मशीन तपासायचे, किंमत आधीच माहीत असलेले नमुने) लावले की लेव्ही-जेनिंग्ज चार्टवरचा, म्हणजे त्यांच्या रोजच्या आलेखावरचा, ठिपका टू एसडीच्या मर्यादेबाहेर, आणि वॉर्डातून पोटॅशियमसाठी फोनवर फोन! हे सगळं निस्तरता येतं, पण कागदावर दाखवायला डिप्लोमाच.

म्हणून एएससीपीची (अमेरिकन सोसायटी फॉर क्लिनिकल पॅथॉलॉजी) लॅबवाल्यांसाठीची आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट परीक्षा द्यायचं ठरवतेय. १०० प्रश्न, अडीच तास, पासाला ४०० स्केल्ड स्कोअर, इथवर कळलंय. अडलंय पुढे. आधी लॅबचे सगळे विभाग असलेली एमएलएस (मेडिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट) द्यावी, की एकेका विभागाच्या वेगळ्या परीक्षांपैकी हातातली केमिस्ट्री उरकून मग ब्लड बँकेकडे वळावं? क्रॉसमॅच (पेशंट आणि दात्याचं रक्त जुळतं का ते बघणं) करून जमाना झाला, खरं सांगायचं तर. शिवाय दर ३ वर्षांनी गुण जमवून सर्टिफिकेट टिकवायचं. दोन-तीन असली तर झेपतं का?

आयएसओ १५१८९ च्या (मेडिकल लॅबच्या दर्जाचं मानक) इंटर्नल ऑडिटर ट्रेनिंगने इथे पगारात काही फरक पडला का कुणाला?

अभ्यास डोंबिवली लोकलमध्येच होणार, तोही जागा मिळाली तर. क्लासवाल्यांनी कृपया मेसेज करू नयेत, परीक्षा दिलेल्यांनीच सांगा.