पावभर तेल अन् दिवसाचा रोज: विदर्भातल्या खेड्यातले जुने भाव

मागच्या महिन्यात गावचं घर उतरवलं. माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली बाबांची लाल कापडी बांधणीची वही सापडली. 1976 सालच्या पोळ्याची एक नोंद: "झूल, बेगड, वार्निश, गेरू, 11 रु. 40 पै." शेवटचे चाळीस पैसेसुद्धा सोडलेले नाहीत. बाबांचा स्वभावच तसा.

"तवा किती स्वस्त होतं" हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत वरण वाढेपर्यंत तीनदा ऐकू येतं. तुमच्या आठवणीतले भाव जरूर लिहा, पण माझी एक विनंती आहे. तो पैसा तुमच्या घरात कुठून आला, कुणाच्या हातानं आला, हेही लिहा. वऱ्हाड असो की पूर्वेकडची धानाची झाडीपट्टी, आणि बोली जशी येते तशी चालेल. आलेल्या आठवणी खाली देतो.

आर्वी तालुका, किराणा दुकानदाराचा मुलगा

आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. सकाळी गिऱ्हाईक नसायचं. खरी गर्दी दिवेलागणीला, मजुरीहून बाया परतल्या की. तेव्हा किलोनं कोणी काही घेत नसे. "चार आण्याचं तेल, दहा पैशाची हळद, दहाची चहापुडी, आठाण्याची साखर." त्या रात्रीपुरतं आणि फार तर सकाळच्या चहापुरतं. आगपेटी दहा पैशाला.

तेलाची बाटली प्रत्येकीची ठरलेली. गळ्याला सुतळी बांधलेली, बाहेरून इतकी चिकट की हातातून सटकायची. बाबा पत्र्याच्या डब्यातून पळीनं तेल काढत. नरसाळ्यात पळी उलटी करून थांबत, शेवटचा थेंब पडेपर्यंत. घाई केली की बाई म्हणे, "भाऊ, पळी निथळू द्या न." ते निथळणं हा तिचा हक्क होता आणि बाबांनी तो कधी मोडला नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

पुड्या बांधायचं काम माझं. जुन्या पेपरचा कोन करायचा, माल टाकायचा, वरचं टोक आत खोचायचं. हळदीची पुडी सर्वात अवघड, कारण दहा पैशात हळद इतकीशीच येई की कागद जास्त आणि हळद कमी दिसे.

दिवाळीनंतर पोरं खिशात कापूस घेऊन येत. ओंजळभर कापूस दिला की नड्डे मिळत. हो, तेच पिवळे, पोकळ, तळलेले, दहाही बोटांत घालून मग एकेक कुरतडायचे. कापूस कुणाच्या वावरातला हे बाबा विचारत नसत. मोसम संपेपर्यंत मागच्या खोलीत एक पोतं भरे.

हिंगणघाटकडची, आता पुण्यात

वरच्या दुकानदारपुत्राची आठवण गोड आहे, पण मी पळी निथळायची वाट पाहणाऱ्या बाईची मुलगी. म्हणून दुसरी बाजू.

74-75 सालची गोष्ट. माझ्या आईला निंदणाचा, म्हणजे तण काढायचा, रोज दीड रुपया. फल्ली (शेंगदाणा) तेल पावभर घ्यायचं तर दोन रुपयांच्या घरात. म्हणजे दिवसभर वाकून निंदण केलं तरी पावभर तेल येत नव्हतं. मग सांगा, तेल स्वस्त होतं का? आमच्या घरी भाजीला फोडणी आठवड्यातून दोनदा. बाकी दिवस अंबाडीची भाजी, वरून कच्च्या तेलाचे चार थेंब आणि मिरचीचा ठेचा.

कापूस वेचणीत मात्र किलोवर पैसे, म्हणून आम्ही पोरीही जात असू. पहिल्या दिवशी सीतादही. वावराच्या कोपऱ्यात सात खडे मांडायचे, दहीभात शिंपडायचा, कापसाचं बोंड वाहायचं, आणि मगच ओटी बांधायची. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचतात. पहिले चार दिवस रक्त निघतं, मग बोट निबर होतं. सकाळी दव असताना वेचलेला कापूस वजनाला जास्त भरतो, म्हणून आई मला अंधारातच उठवायची. मालकालाही ते माहीत होतं, पण बोलत नसे.

संध्याकाळी काट्यावर गाठोडं चढलं की आई काट्याकडे न पाहता मालकाच्या चेहऱ्याकडे पाही. तिला आकडे येत नव्हते.

दारव्हा–यवतमाळ

आमचा हिशोब शकुंतलेवर. यवतमाळ–मूर्तिजापूर छोटी लाईन, इंग्रज कंपनीनं वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे न्यायला टाकलेली. यष्टीपेक्षा तिकीट कितीतरी कमी, म्हणून बाजारच्या दिवशी डब्यात माणसांपेक्षा टोपल्या जास्त. लहान टेशनांवर गार्डच खाली उतरून तिकिटं फाडी.

लोक म्हणतात चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढता यायचं. मी तसं केलेलं नाही. पण खिडकीतून हात काढला की बाभळीची फांदी हाताला लागे आणि काटा घेऊनच हात आत येई, हे खरं. मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत होतं. डिझेलचं आलं तेव्हा आजी म्हणाली, "आता डोळ्यात कोयसा जात नाही, झोप लागते."

अकोट तालुका

मी तवा सातवीत होतो. कापूस एकाधिकार (कापूस फक्त सरकारच इकत घेनार) 72 साली सुरू झाला, त्याच्या दोन-तीन वर्सानंतरची गोठ. आमच्या बुढ्यानं, म्हंजे बापानं, बैलबंडी भरली अन् वर मले बसवलं. कापसावर बसाले काय मजा ये, गादी झक मारे. पन केंद्रावर पोचलो त पुढं शंभरावर बंड्या. दोन रात्री थितंच काढल्या. बैल सोडले, तीन दगडाची चूल मांडली, घरून आनलेल्या भाकरी अन् आलू-वांग्याची भाजी. थंडी अशी का दातखिळी बसे. कापसातच खड्डा करून झोपलो. सकाऊन उठलो त कानात सरकी!

मंग ग्रेडर आला. एक मूठ काढली, दोन बोटात धागा वढून पाह्यला, चिठ्ठीवर काईतरी लिवलं. बुढा त्याच्या पेनाकडेच पाहे. चुकारा (कापसाचे पैसे) त्या दिशी मियालाच नाई, थो मागून हप्त्यानं ये. पन बुढ्यानं धोतराच्या घोयातून आठ आने काढले अन् मले हाटेलात आलूबोंडा चारला. रस्सा दोनदा मांगला, पैसे एकदाच लागले. सोता त्यानं खाल्ला नाई. म्हने, "मले आंबट होते."

म्हतारे लोकं म्हनत, क्विंटलभर कापूस इकला का तोयाभर सोनं ये. माह्या मोठ्या बहिनीची पोत तशीच झाली. आता क्विंटल कापसात गिरामभर बी येत नाई. काय बोलता बाप्पा.

एक शंका

भोकाचा पैसा कोणाकडे आहे का? माझ्या आजोबांच्या करगोट्यात एक ओवलेला होता. नवे पैसे 57 साली आले तरी ते म्हणत, "आता सोळा आण्याचे शंभर झाले, म्हणून काय कोणी श्रीमंत झालं?" आजी मरेपर्यंत आण्यातच बोलली. पंचवीस पैसे तिला कळत नसत, चार आणे कळत.

दर्यापूर, खारपाणपट्टा

तुमच्याकडे तेलाचे भाव, आमच्याकडे पाण्याचा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या आमच्या पट्ट्यात विहीर खणली की खारं पाणी. साबणाला फेस नाही, केस ताठ. आणि सर्वात वाईट म्हणजे खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. दोन तास चुलीवर ठेवा, दाणा तसाच. म्हणून स्वयंपाकघरात पाण्याच्या दोन घागरी, आमच्या भाषेत गुंड, असत. मोठा खाऱ्याचा, भांड्याधुण्याला. लहान पितळी, चिंचेनं घासून लख्ख, झाकणावर वाटी उपडी, तो गोड्याचा. तो फक्त प्यायला, चहाला आणि वरणाला. लहान पोरांनी त्याला हात लावायचा नाही.

गोडी विहीर लांब होती. एक जण बंडीवर पिपे लादून आणी. पिपा चार आण्याला, उन्हाळ्यात आठ आणे. पाहुणा दारात दिसला की आई "या" म्हणायच्या आधी एक नजर गुंडाकडे टाकी. "मुक्काम की परतीची गाडी?" हा प्रश्न आमच्याकडे असभ्य मानत नसत.

माझ्या आत्याच्या लग्नात सर्वात मोठा खर्च सोन्याचा किंवा बँडचा झाला नाही. पाण्याचा झाला. तीन दिवस बंडी फेऱ्या मारत होती, आणि वरातीतल्या एका पोरानं गोड्या पाण्यानं पाय धुतले म्हणून काका इतके चिडले की वरपक्ष रुसायची वेळ आली. शेवटी आजोबांनी त्या पोराला घरातल्या लहान गुंडातलं तांब्याभर पाणी प्यायला देऊन मिटवलं.

वडसा भागातली, झाडीपट्टी

तुम्ही सगळे कापूसवाले! आमच्याकडे पैसा नव्हताच, धान होतं. न्हावी, लोहार, सुतार, सगळ्यांचे वर्षाचे धान ठरलेले. मामा (माजी मालगुजारी) तलावातली मासोळी निघाली की तीसुद्धा धानावर. बांगड्यावाली दारात आली की आई सुपात लुचई धान घेऊनच बाहेर येई. बांगडीचा भाव रुपयात किती, मला आजही सांगता येणार नाही.

रोख पैसा दिसे तो मे महिन्यात, तेंदूपत्त्याचा. पहाटे चारला जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत परत. दुपारभर पडवीत बसून पुडे बांधायचे. सत्तर पानांचा एक पुडा, वर चार-दोन पानं जास्तीची, कारण फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेतात तिथं, एखादं फाटकं निघालं तर पुडा बाजूला टाकतात. बोटं काळी पडत आणि आठ दिवस जात नसत. जूनमध्ये त्याच बोटांनी नव्या वह्यांना कव्हर घाले. माझ्या पाचवीच्या सगळ्या वह्यांवर अंगठ्याचे डाग होते. बाईंनी विचारलं, "शाई सांडली का?" मी हो म्हटलं.

दिवाळीनंतर धान घरात आलं की मंडई, म्हणजे गावची जत्रा: दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्री नाटक. घरात पंधरा-वीस पाहुणे. तिकिटाचे पैसे मामा देई. खुर्चीचं तिकीट त्याला परवडे, पण तो आम्हा पोरांसोबत खाली पोत्यावर बसे. कारण खुर्चीवर झोप लागली तर पडतो म्हणे. नाटक पहाटे पाचला संपे आणि तो दोनलाच घोरत असे.

मोर्शी

माझं दोन ओळीत. भुलाबाईच्या महिन्यात रोज एका घरी गाणी आणि खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाजावरून सांगायचं. श्रीमंताघरी वाजे ते काजू-बदाम, आमच्याकडे फुटाणे. पोरींना लगेच कळे, पण त्या मुद्दाम चुकत. "लाडू? चकली? शंकरपाळे?" असं दहा वेळा चुकून मग म्हणत, "हरलो बाप्पा." तेव्हा वाटायचं मी जिंकले. आता कळतं.

पुसद तालुका, निवृत्त पोस्टमन

पोस्टकार्ड पंधरा पैसे होतं, किती तरी वर्षं. आज पन्नास. भावात फारसा फरक नाही, फक्त कार्डच येत नाही. कार्ड द्यायचं म्हणजे वाचूनही द्यायचं, हे गावात गृहीत होतं. रेडिओचं लायसन्सही पोस्टातच भरायचं, हे आजच्या पोरांना सांगितलं की हसतात.

सालगड्याच्या म्हातारीला मुंबईहून मुलाची मनिऑर्डर येई. पन्नास रुपये आणि खाली कुपनावर दोन ओळी. ती अंगठा द्यायच्या आधी दोन ओळी मला तीनदा वाचायला लावी. मग पैसे मोजायला माझ्याचकडे देई. एकदा कुपन कोरं आलं. मी म्हटलं, "ठीक आहे, काळजी करू नको, असं लिहिलंय." तिनं कुपन घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाली, "शाई नाही दिसत, बापू." तिला वाचता येत नव्हतं, पण शाई दिसत होती.

वहीवाला

हिंगणघाटकडच्या ताई, तुमचं वाचून मी रात्री वही पुन्हा काढली. पोळ्याच्या नोंदीखाली, त्याच पानावर, त्याच अक्षरात आहे: "बाया 8, निंदण, 12 रु." बैलांच्या सजावटीपेक्षा साठ पैसे जास्त. सालदाराचं नाव वहीत पानोपानी आहे, दोन्ही बैलांचीही नावं आहेत. बायांची नाहीत.

हिंगणघाटकडची, आता पुण्यात

आठ दिडं बारा. म्हणजे 76 मध्येही दीडच. हिशोब बरोबर आहे तुमच्या बाबांचा.