मदत हवी आहे: गप्पांचं पॉडकास्ट, सोबत तानपुरा. रेकॉर्डिंग-एडिटिंगला सोपं सॉफ्टवेअर कोणतं?

नमस्कार मंडळी,

मी मिरजेची. आमच्या गल्लीत एक चाचा आहेत, तानपुरे आणि सतारी करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. लहानपणापासून त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी त्यांना जवारी (तारेचा आवाज उघडा, झंकारता करायचं काम) काढताना बघत आलेय. घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) कानस दोनदा फिरवायची, थांबायचं, तार छेडायची, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा... आणि बंद असलेला आवाज एकदम उघडतो. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण चाचांचं बोलणं अजून कुणी नोंदवून ठेवलेलं नाही. त्यांची सत्तरी उलटलीय. म्हणून मी आणि माझी मावसबहीण पॉडकास्ट करायचं म्हणतोय, वीस-पंचवीस मिनिटांचा एकेक भाग.

पहिलं रेकॉर्डिंग फोनवर केलं. चाचा बोलतायत, डोक्यावर पंखा, मध्येच ते तानपुरा छेडून दाखवतायत. घरी येऊन एका ॲपमध्ये 'आवाज स्वच्छ करा' हे बटण दाबलं. पंखा गेला, पण तानपुराही गेला! तार छेडल्याचा 'टण्' तेवढा राहिला आणि पुढचा सगळा झंकार पाण्यात बुडाल्यासारखा. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तेच नाही. मूळ फाइल जपून ठेवलीय.

माझ्याकडे विंडोजचा जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅमचा, आणि एक साधा कॉलर माईक. सॉफ्टवेअरवर सध्या खर्च जमणार नाही. दोघींनाही यातलं काही येत नाही. खोकला, लांबलेल्या जागा कापता याव्यात, सुरुवातीला आमचे दोन शब्द जोडता यावेत आणि तानपुरा शाबूत राहावा, एवढंच हवंय. काय वापरू?

प्रतिसाद १

ताई, डोळे मिटून ऑडॅसिटी घ्या. फुकट आहे, २००० सालापासून चालू आहे, तुमच्या लॅपटॉपवर चालेल. बोलणं एका ट्रॅकवर, तानपुरा त्याच्या खालच्या ट्रॅकवर, असं ठेवता येतं.

दोन गोष्टींत नवीन माणूस हमखास अडकतो. फोनची फाइल एम४ए असेल तर ती उघडायला विंडोजवर एफएफएमपेग हा जोड-प्रोग्राम वेगळा टाकावा लागतो. आणि 'सेव्ह प्रोजेक्ट' केलं की जी एयूपी३ फाइल होते ती ऑडॅसिटीतच उघडते. लोकांना ऐकवायला 'एक्सपोर्ट' करून एमपी३ काढायची. मी पहिला भाग मित्राला एयूपी३च पाठवला होता, त्याच्याकडे तो उघडलाच नाही.

प्रतिसाद २

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, तानपुऱ्याचं आधी समजून घ्या. एका बटणात साफसफाई करणारी ॲप माणसाचं बोलणं ठेवायला बनवलेली असतात. सलग, एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं ती धरतात. पंख्याची घरघरही सलग आणि तानपुऱ्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नादही सलग. दोन्ही जातात.

ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनमध्ये निदान नमुना आपण देतो. नुसता पंखा ऐकू येतोय असे दोन-तीन सेकंद निवडून 'गेट नॉइज प्रोफाइल' करा, मग फक्त बोलण्याच्या तुकड्यांवर ते चालवा. 'नॉइज रिडक्शन'चा आकडा ६ डेसिबल ठेवा. थोडा पंखा राहू दे, दुकान आहे ते. तानपुऱ्याच्या तुकड्यांना हातही लावू नका.

अजून एक. यूट्यूबवर सगळे सांगतात, ८० हर्ट्झला हाय-पास फिल्टर (त्याखालचे खोल आवाज कापणारी चाळणी) लावा. बोलण्यासाठी बरोबर आहे, रस्त्याची घुमघुम जाते. पण काळी एक पट्टीच्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार ७० हर्ट्झच्या आसपास बोलते. म्हणजे फिल्टरने नेमकी तीच कापाल.

पुढच्या वेळी तानपुरा वेगळा रेकॉर्ड करा, पंखा बंद करून. पाच मिनिटं उकडेल, पण नंतरचे चार तास वाचतील. लॅपटॉपवर रेकॉर्ड करत असाल तर विंडोजच्या माईक सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा, तीही परस्पर साफसफाई करतात.

प्रतिसाद ३

मी ओसेनऑडिओ (ocenaudio) वापरतो, तेही फुकट. इफेक्टचा काटा फिरवताना फरक तिथल्या तिथे ऐकू येतो, त्यामुळे मला ते लवकर जमलं. पण तुम्हाला दोन-तीन ट्रॅक लागणार, तेव्हा ऑडॅसिटीच बरं. शेवटी 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' विसरू नका, उणे १६ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) ठेवा. नाहीतर चाचांचा आवाज बारीक आणि तुमचा मोठा, ऐकणारा सारखा आवाज कमी-जास्त करत बसतो. अर्थात एकेका तुकड्याची पातळी आधी जुळवून घ्या, मग सगळ्यावर एकदम हे.

मूळ प्रश्नकर्ती

खूप खूप आभार! काल रात्री ऑडॅसिटी टाकलं. एफएफएमपेगपाशी अडकलेच, पण झालं. जुन्याच फाइलवर ६ डेसिबल करून बघितलं. पंखा मागे गेला, आणि तानपुऱ्याच्या तुकड्यांना हात लावला नाही तर जोडाच्या तारा (मधल्या दोन सारख्या तारा) हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू आल्या. बहिणीला झोपेतून उठवून ऐकवलं.

रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा पंखा बंद करून तानपुरा पुन्हा घेणार आहोत. माईक भोपळ्याकडे धरू की घोडीकडे?

प्रतिसाद २

घोडीच्या दिशेने, हातभर लांब, असं सुरू करा. मग हेडफोन चाचांच्या कानाला लावा आणि माईक इंच-इंच सरकवा. ते 'बास' म्हणतील तिथे थांबा. जवारी ऐकणारा कान तुमच्या गल्लीतच आहे.