प्रतिसाद: मैदान ते मणका

खेळाडू पोरगं पुढं मणक्याचा सर्जन होऊ शकतं का, अशी वर चर्चा चाललीय. त्यात एका भाऊंनी लिहिलंय की खेळात घाम गाळणारं पोरगं मेडिकलला टिकतच नाही. थांबा बाप्पा.

मायरॉन रोलचं घ्या. अमेरिकन फुटबॉलमधला सेफ्टी, म्हणजे बचावफळीतला अगदी मागचा गडी. २००९ ला ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला, त्यापायी पूर्ण हंगाम सोडला. परिणाम काय? २०१० ला व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा टेनेसी टायटन्स संघानं त्याला घेतलं ते २०७ व्या क्रमांकावर, आणि मुख्य हंगामातला एकही सामना खेळायला मिळाला नाही. मग गडी मेडिकलला गेला, २०१७ ला डॉक्टर झाला आणि बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळात न्यूरोसर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे काम करत तज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण, धरली. तिकडे ती सात वर्षांची असते!

"पण न्यूरोसर्जन म्हणजे मेंदूवाला, मणक्याचा कुठे?" असंही कोणी विचारलंय. आपल्या नागपूरच्या धंतोलीत फिरून या, दवाखान्यांच्या पाट्या वाचा. मणक्याचं ऑपरेशन ऑर्थोवालेही (हाडांचे डॉक्टर) करतात अन् न्यूरोवालेही. दोन मणक्यांमधली सरकलेली गादी नसेवर दाबते, कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते, ती नस मोकळी करायची. मला कबड्डीनं हे फुकटात शिकवलं. सहा आठवडे औषधं अन् व्यायामावर निभावलं, सुरी लागली नाही.

आपल्याकडचा हिशेब मात्र कठीण. एमबीबीएस साडेपाच वर्षं, सर्जन व्हायला एमएस तीन, वर आणखी खास शिक्षणाची फेलोशिप नाहीतर एमसीएच पदवी. मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या क्लासला लागलेलं पोरगं मानकापूरच्या क्रीडा संकुलात सरावाला जाणार कधी? अडचण तिथं आहे, पोराच्या डोक्यात नाही.