‘फाइन’मध्ये सगळे मावते, म्हणून मराठी अवजड?

शब्दवेडी

स्पर्धा परीक्षेचे वर्ग घेणाऱ्या एका सरांचे टिपण काल वाचनात आले. इंग्रजीतील ‘फाइन’ या एका शब्दात छान, बारीक, तलम, शुद्ध, निरभ्र, ठणठणीत आणि दंड एवढे अर्थ मावतात, मराठीत मात्र प्रत्येकासाठी निराळा शब्द पाठ करावा लागतो, तेव्हा मराठी अवजड आहे आणि मुलांनी तिच्यात वेळ घालवू नये, असे त्यांचे म्हणणे आहे. ‘तेव्हा’च्या आधीच्या भागाबद्दल माझी तक्रार नाही. त्यानंतरचे वाचून मात्र राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

‘फाइन’चे अर्थ कोणी एका पिशवीत कोंबलेले नाहीत. शेवट किंवा सीमा असा अर्थ असलेल्या ‘फिनिस’ या लॅटिन शब्दापासून ते फ्रेंचमार्गे आले. जे शेवटास गेले, ज्यात आणखी काही करायचे उरले नाही, ते उत्तम. भांडणाचा शेवट करण्यासाठी मोजलेली रक्कम म्हणजे दंड. ‘फायनान्स’ही त्याच घरातला आहे, कारण देणे फेडून व्यवहार संपवणे हा त्याचा जुना अर्थ. आपण ‘दंड भरून मोकळा झालो’ म्हणतो, तेव्हा निराळे काय म्हणतो? पलीकडच्या काठाला पोचला तो ‘पारंगत’, हे आपल्याकडेही आहेच.

आणि अनेक अर्थांचा शब्द हवा असेल, तर ‘दंड’च घ्यावा. काठी, बाहू, तालमीतले दंड, शिक्षा, शेतात पाणी नेणारा दंड, आणि विरलेल्या लुगड्यांचे धड भाग जोडताना घातलेला दंड. माझ्या आजीच्या लुगड्याला असा दंड होता. घडी घालताना ती जाड शिवण बोटाला लागायची. सरांनी हा शब्द एकदा तरी मोजायला हवा होता.

जुळे सोलापूर

मी त्याच सरांचा विद्यार्थी आहे. आपण आजीचे लुगडे दाखवलेत, मी माझी मुलाखत सांगतो. पुण्यात एका खासगी संस्थेत नोकरीसाठी गेलो असता करारपत्र पुढे करून मला इंग्रजीत विचारण्यात आले, ‘फाइन प्रिंट वाचली का?’ मी म्हणालो, ‘होय, छपाई फार सुंदर आहे.’ समोरचे तिघे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी बारीक अक्षरांत छापलेल्या अटींबद्दल ते विचारत होते, हे मला एस.टी.त बसल्यावर उमगले. दहावीपर्यंत ‘फाइन म्हणजे छान’ एवढेच आम्हाला शिकवले गेले. व्युत्पत्ती सांगणारे तेव्हा कोठे होते? सरांची भाषा कठोर असेल, पण आमच्यासारख्यांच्या पोटाची काळजी त्यांनीच केली.

कांडीवाला

मुलाखतीचे दुःख मला समजते, कारण आमच्या घराला याच शब्दाचा फटका बसला आहे. आमचे चार यंत्रमाग, माल टॉवेलचा. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने मागणीपत्रात ‘फाइन टॉवेल’ असे लिहिले होते. वडिलांनी त्याचा अर्थ उत्तम असा घेतला, आणि सोलापुरात उत्तम टॉवेल म्हणजे भरदार, वजनदार, पाणी ओढून घेणारा. त्यांनी जाड सुताचा, हातात घेताच वजन कळावे असा माल निवडून पाठवला. व्यापाऱ्याला हवा होता बारीक सुताचा हलका टॉवेल. सगळे गठ्ठे परत आले. वडील आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत.

म्हणून म्हणतो, सुताला ‘छान’ आणि ‘बारीक’ हे निराळेच हवेत. ८४० यार्डांची एक लच्छी, अशा जितक्या लच्छ्या एका पौंडात बसतात तितका काउंट. २० काउंट म्हणजे एका पौंडात १६,८०० यार्ड सूत. आकडा वाढला की सूत बारीक, ही गोष्ट आमच्या कांड्या भरणाऱ्या बायकाही अंगठ्याखाली धागा पिळून सांगतात. चादरीला बारीक सूत घाला, ती ‘फाइन’ होईल आणि थंडीत उपयोगाची राहणार नाही.

रेशीमधागा

आकडा वाढला की सूत बारीक, हे विधान सरसकट करू नये. डेनिअर या मापात ९,००० मीटर धाग्याचे वजन ग्रॅममध्ये मोजतात, त्यामुळे तेथे आकडा वाढला की धागा जाड होतो. मी बारा वर्षे पॉलिस्टर आणि रेशीम विकतो. सुती मागावरच्या मंडळींना वाटते की जग काउंटवरच चालते, आणि नवीन पोरे त्यांचे ऐकून चुकीचा माल उचलतात.

कांडीवाला

मी सुती टॉवेलबद्दल लिहिले होते आणि ‘सूत’ हाच शब्द वापरला होता. आपण वाक्य नीट न वाचता मला शिकवायला आलात. दुकानात गादीवर बसून धागा विकणे वेगळे, रात्रपाळीत तुटलेला ताणा सांधणे वेगळे. २/२० लिहिलेले सूत मागावर कितीचे पडते, एवढे सांगा.

रेशीमधागा

वीस काउंटचे दोन पदर पिळलेले, म्हणून दहाचे पडते. हे मला माझ्या वडिलांनी शिकवले, ते मागावरच होते आणि मिल बंद पडल्यावर गादीवर आले. माझ्या गादीबद्दल बोलण्यापूर्वी एवढे विचारले असते तर बरे झाले असते.

शब्दवेडी

आपण दोघेही माझाच मुद्दा मांडत आहात, तेव्हा भांडण येथे थांबवावे अशी विनंती आहे. ‘फाइन’ हा एक शब्द पुरेसा असता, तर मागणीपत्रावरून गठ्ठे परत आले नसते.

अक्कलकोट रोड

एक निराळी गोष्ट नोंदवतो. आमच्या घरात कन्नड बोलतात. कन्नडमध्ये ‘सण्ण’ म्हणजे लहान, आणि दळलेले पीठ बारीक असेल तर तेही सण्ण. शेजारच्या तेलुगू घरात बारीक तांदळाला ‘सन्न’ म्हणतात. सोलापूरच्या मराठीतही ‘बारकं पोरगं’ म्हणजे लहान मूल. बारीक कांदा, बारीक ताप, बारीक नजर, बारीक आवाज: फारसीतून आलेला हा शब्द आपल्याकडे किती कामे करतो ते पाहावे. ‘फाइन’चे निम्मे काम तो एकटाच उरकतो, आणि तरी सरांच्या यादीत तो एकाच अर्थापुरता आहे.

जुळे सोलापूर

‘बारीक’चे मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. पण मग ‘दंड’चा गोंधळही मान्य करावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तोपर्यंत भारतीय दंड संहिता होती. त्या नावातला दंड म्हणजे एकूण शिक्षा. पैशांच्या शिक्षेला कायद्याच्या मराठीत ‘द्रव्यदंड’ म्हणावे लागते. अभ्यास करताना मी हे दोन महिने चुकीचे वाचत होतो. एका शब्दात अनेक अर्थ मावणे ही इंग्रजीची अडचण असेल, तर मराठीचीही आहे. शब्दवेडी ताईंनी ‘दंड’चे सहा अर्थ कौतुकाने मोजले, ते मला परीक्षेत महागात पडले असते.

शब्दवेडी

‘द्रव्यदंड’चा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तो आपला. अर्थांची संख्या मोजून भाषा हलकी की अवजड हे ठरवता येत नाही, एवढेच मला म्हणायचे होते, आणि ‘दंड’चे अर्थ मोजताना मीच ते विसरले. सरांचा शेवटचा निष्कर्ष मात्र मी मान्य करणार नाही. ज्या मुलाला बारीक, तलम आणि छान यांतला फरक मराठीत कळतो, त्यालाच ‘फाइन प्रिंट’ विचारल्यावर थांबून कोणता फाइन, असे मनात येईल.

जुळे सोलापूर

तो फरक मला मराठीत कळत होता. तरीही मी थांबलो नाही, कारण मला घाम फुटला होता. तेवढे आपल्या विवेचनात बसत नाही.

कांडीवाला

रेशीमधागा यांच्या वडिलांबद्दल मला माहीत नव्हते, माझे ते वाक्य मी मागे घेतो. डेनिअरचा आकडा उलटा चालतो हेही खरे. आमच्या धंद्यात लागत नाही, म्हणून तोंडात आला नाही.

ताईंना एक विचारायचे आहे. पुढच्या आठवड्यात दरपत्रक छापायचे आहे. भाऊ म्हणतो, ‘फाइन’ऐवजी ‘तलम’ लिहू. टॉवेलला तलम म्हणतात का?

शब्दवेडी

माझ्या कानाला नाही. तलम पातळ असते, धोतर असते, मलमल असते. ज्याने अंग खसाखसा पुसायचे त्याला तो शब्द शोभत नाही. ‘बारीक सुताचा’ असेच लिहावे.

रेशीमधागा

आणि त्यापुढे काउंट व जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन, आकड्यांत लिहा. व्यापारी कोणत्याही भाषेचा असो, गठ्ठे परत येणार नाहीत.

कांडीवाला

तसेच छापतो.