पॉपिन्स बोल्डमध्ये मराठी मथळे: शोभतात की गुदमरतात?

अक्षरवेडी
आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचा फलक काल लागला. 'प्रसिद्ध विद्वानांची व्याख्याने', पॉपिन्स बोल्डमध्ये. रस्त्यापलीकडून पाहिलं तर 'द्ध' आणि 'द्व' दोन्ही सारखेच काळे गोळे. पॉपिन्स हा इंडियन टाइप फाउंड्रीचा, फुकट मिळणारा फॉन्ट. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची, रोमन म्हणजे इंग्रजी अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांची. अक्षरं वर्तुळावर बेतलेली, रेघ जवळजवळ सगळीकडे एकाच जाडीची. आपली लिपी मात्र बोरूच्या तिरक्या टोकातून घडली. रेघ जिथे बारीक होते तिथेच जोडाक्षराच्या पोटात हवा खेळते. ती हवा काढून घेऊन वर अक्षर ठळक करायचं? असा फॉन्ट मराठीला वापरूच नये.

फ्लेक्सवाला
'वापरूच नये' हे नाही पटलं, ताई. दुकानांच्या जुन्या पाट्या आठवा. इंग्रजी नाव ठसठशीत आणि त्याखाली मराठी भलत्याच फॉन्टात, अंग चोरून उभी. पॉपिन्समध्ये दोन्ही लिप्या एकाच घरच्या दिसतात, मराठी कुठेही उणी पडत नाही. मला त्याचं फार मोल वाटतं. त्यात नऊ जाड्या आहेत, बोल्डच घ्या असं कोणी सांगितलंय? शिवाय ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं की खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकाराला भिडणारच. हा दोष मांडणीचा.

खिळेजुळारी
रेघ अगदी एकसारखी नसते हो. सांध्यापाशी ती मुद्दाम बारीक केलेली असते, नाहीतर तिथे शाई साचल्यासारखी दिसते. पॉल रेनर यांच्या 1927 च्या फ्यूचरा या रोमन फॉन्टातही हेच केलंय. कंपासने काढल्यासारखा वाटतो, पण डोळ्यासाठी सावरलेला आहे. अपोलो 11 ने 1969 साली चंद्रावर ठेवलेल्या पट्टिकेवर तोच फ्यूचरा आहे. पण तिथे सगळी कॅपिटल अक्षरं! शिरोरेघ नाही, रफार नाही, एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं नाहीत. रोमनला जेवढा ठळकपणा सोसतो तेवढा देवनागरीला सोसत नाही. त्यामुळे मी अक्षरवेडींच्या बाजूने, फक्त 'वापरूच' मधल्या त्या 'च' शिवाय.

विसर्ग
'द्ध' चा पाय मोडून 'द्‌ध' लिहिलं की प्रश्नच मिटला.

अक्षरवेडी
विसर्ग, फॉन्टाला जमत नाही म्हणून लिपीचे पाय मोडायचे? मुळीच नाही.
फ्लेक्सवाले दादा, तुमचं ऐकून तीच ओळ सेमीबोल्डमध्ये, म्हणजे बोल्डहून एक पायरी कमी जाडीत, लावून पाहिली. 'द्ध' मधल्या 'ध' ची गाठ सुटी झाली, 'व' चं पोट उघडलं. तेव्हा 'च' मागे घेते. दोन शब्दांच्या पाटीला बोल्डसुद्धा चालेल. पण व्याख्यानांचे विषय, वक्त्यांची नावं, तारखा असा भरगच्च मजकूर असेल तर मी अजूनही जाड-बारीक रेघेचाच फॉन्ट मागणार.

फ्लेक्सवाला
मागा की. फक्त छपाईआधी तो कागद भिंतीला लावून पंधरा पावलं मागे जाऊन वाचा. आमच्याकडे फाइल येते ती स्क्रीनवर मोठी करून पाहिलेली असते, आणि तिथे सगळंच छान दिसतं.